परीक्षेस न बसलेल्यांचा निकाल

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात एक ठरीव सोहळा पार पडतो. राज्याचा शेकडा, विभागांचे शेकडे, मुलांचा आणि मुलींचा वेगवेगळा शेकडा, शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांची संख्या असे सर्व आकडे एका दमात जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत पेढे भरविणाऱ्या आईबापांची छायाचित्रे झळकतात. २०२५ सालीही असेच झाले. १३ मे रोजी मंडळाने निकाल जाहीर केला. १५,५८,०२० नियमित विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती, त्यांपैकी १५,४६,५७९ परीक्षेस बसले आणि १४,५५,४३३ उत्तीर्ण झाले. राज्याचा निकाल शेकडा ९४.१० लागला. नऊ विभागांत कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी सर्वांच्या पुढे, आणि चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे ज्यात मोडतात तो नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांनी सर्वांच्या मागे राहिला. परंतु मागे राहूनही नव्वदाच्या वर! तेव्हा पूर्व विदर्भाच्या अरण्यातही शंभरांतील नव्वद मुले दहावी होतात, असा समज एखाद्या वाचकाने करून घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. हा समज खरा नाही, आणि तो का खरा नाही याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

९४.१० हा शेकडा परीक्षेस प्रत्यक्ष बसलेल्यांवर काढलेला आहे. नाव नोंदवून, शुल्क भरून जे ११,४४१ विद्यार्थी परीक्षागृहात आलेच नाहीत, त्यांना हिशेबात घेतले तर तोच शेकडा ९३.४२ वर येतो. हा फरक लहान आहे हे आम्हांस मान्य आहे. पण तो एक दार किंचित उघडून दाखवितो. नाव नोंदवून न आलेल्यांच्या पलीकडे नाव न नोंदविलेल्यांची रांग उभी आहे. नववीत नापास झाला म्हणून थांबलेला, आठवीनंतर घरी राहिलेली, सहावीत दिवाळीच्या सुटीला गावी गेला तो परत न आलेला, या मुलांचा निकाल कोणत्याच दिवशी लागत नाही. ती उत्तीर्णांत नाहीत आणि अनुत्तीर्णांतही नाहीत. शासनाच्या या कोष्टकापुरते बोलावयाचे तर ती जन्मलीच नाहीत.

शहरात ही त्रुटी खपून जाते, कारण तेथे पाचवीत गेलेले बहुतेक मूल दहावीपर्यंत पोचतेच. वनप्रदेशाची गोष्ट निराळी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सुमारे तीन-चतुर्थांश जंगलाने व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. राज्यात साक्षरता सुमारे ८२ टक्के असताना या जिल्ह्यात ती ७४ टक्क्यांच्या आसपास होती. माडिया गोंड आणि कोलाम या दोन्ही जमाती विशेष असुरक्षित म्हणून केंद्राच्या यादीत आहेत. पहिल्यांची वस्ती भामरागड-एटापल्लीच्या डोंगरांत, दुसऱ्यांची जिवती-कोरपन्याच्या पठारावर. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. अशा ठिकाणी मुलाने दहा वर्षे शाळेत टिकणे हीच मुळी एक परीक्षा आहे, आणि ती किती जण उत्तीर्ण होतात हे आपण मोजीत नाही.

यावर कोणी म्हणेल की शासन या मुलांवर खर्च करीत नाही काय? अवश्य करते. १९७२-७३ पासून महाराष्ट्राने आश्रमशाळांची योजना विस्ताराने राबविली. आज आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत व त्याहून काही अधिक अनुदानित आहेत. या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तर चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड असे पाच एकात्मिक प्रकल्प त्यांचा कारभार पाहतात. संविधानाच्या २७५ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या कलमान्वये केंद्राकडून अनुदान येते. नववी-दहावीच्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती २०१२ पासून आहे. १९९७-९८ मध्ये सुरू झालेल्या एकलव्य निवासी शाळांचा विस्तार करण्याचे केंद्राने २०१८ च्या अंदाजपत्रकात घोषित केले. ज्या तालुक्यांत निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे आणि ती किमान वीस हजार आहे, अशा प्रत्येक तालुक्यात सहावी ते बारावीच्या ४८० मुलांची शाळा उभारावयाची असे ठरले. तिच्या आवर्ती खर्चासाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १,०९,००० रुपये धरण्यात आले. ही रक्कम क्षुल्लक नव्हे, आणि ती खर्च होते याबद्दल आमची तक्रारही नाही. आमची तक्रार आहे ती हिशेबाच्या पद्धतीविषयी. किती शाळा बांधल्या, किती खाटा पुरविल्या, किती प्रवेश दिले, किती निधी खर्ची पडला, हे सर्व अहवालांत छापलेले असते. पाचवीत किंवा सहावीत ज्याचा हात धरून आत आणले ते मूल दहावीचे आणि पुढे बारावीचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडले काय, या एका प्रश्नाचे थेट उत्तर त्या अहवालांतून निघत नाही.

प्रचलित मापनात दोन आकडे असतात. एक म्हणजे परीक्षेचा शेकडा आणि दुसरा म्हणजे वर्षागणिक गळतीचा शेकडा. दोन्ही सोईस्कर आहेत. कल्पना करा की एखाद्या आश्रमशाळेत पाचवीच्या वर्गात शंभर मुले आली आणि दरवर्षी त्यांतील आठ टक्के मुले शाळा सोडीत गेली. आठ टक्के म्हणजे काही फार नव्हे, असे अधिकारी म्हणतील, आणि एका वर्षापुरते ते खरेही आहे. पण दहावीचा वर्ग सुरू होताना त्या शंभरांतील सहासष्टच उरतील. त्यांतील साठांनी परीक्षा दिली आणि नव्वद टक्के निकाल लागला, तर चौपन्न मुले उत्तीर्ण झाली. शाळेच्या फलकावर ‘निकाल ९० टक्के’ असे लिहिले जाईल, अहवालात ‘गळती ८ टक्के’ असे नोंदले जाईल, आणि दोन्ही विधाने अक्षरशः सत्य असतील. तरीही मूळच्या शंभरांतील सेहेचाळीस मुले प्रमाणपत्राविना राहिली हे तिसरे सत्य कोठेही लिहिले जाणार नाही. त्या सेहेचाळिसांत परीक्षेत नापास झालेली मुले अवघी सहा. उरलेल्या चाळिसांना परीक्षेने हात लावलेलाच नाही. हे उदाहरण काल्पनिक आहे. त्यातील अंकगणित मात्र काल्पनिक नाही.

सदोष मापाची हानी केवळ अज्ञानापुरती राहत नाही. माणसे त्या मापाप्रमाणे वागू लागतात. दहावीचा निकाल कमी लागला की मुख्याध्यापकाकडे खुलासा मागितला जातो. नववीचे किती विद्यार्थी दहावीत आले नाहीत याचा खुलासा त्याच कडकपणे मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग दुबळे मूल नववीतच अडविणे, त्याला बाहेरून सतरा नंबरचा अर्ज भरावयास सुचविणे, किंवा ते येईनासे झाले तर त्याच्या मागे न लागणे, हे शाळेच्या हिताचे ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचा हक्क दिला, आणि त्यापूर्वीच्या इयत्तांत नापास करण्यावरील बंदी २०१९ मध्ये सैल झाली असली तरी नववी हाच आजही खरा उंबरठा आहे. तेथे कायद्याचे संरक्षण संपते. दुसऱ्या टोकाला उलट प्रेरणा काम करते. अनुदानित आश्रमशाळेला परिपोषण अनुदान मिळते ते निवासी विद्यार्थ्यांच्या संख्येवर, म्हणून गेलेल्या मुलाचे नाव पटावरून लवकर कमी होत नाही. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत पट आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत केवढे अंतर आहे हे सर्वांनी पाहिले आहे. म्हणजे तेच मूल अनुदानाच्या वेळी उपस्थित आणि निकालाच्या वेळी अदृश्य, असा हा चमत्कार आहे.

या सर्वांवर उपाय म्हणून काही अपूर्व शास्त्र शोधावयाचे आहे असे मुळीच नाही. एका वर्षी एका इयत्तेत आलेला समूह घ्यावा आणि त्याच समूहाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा, एवढीच गोष्ट आहे. आपल्या देशात ती नवीनही नाही. सायमन आयोगाच्या साहाय्यक समितीने, सर फिलिप हार्टॉग यांच्या अध्यक्षतेखाली, १९२९ साली जो अहवाल दिला त्यात असाच हिशेब मांडलेला होता. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत अवघी अठरा होती. शाळांची आणि पटाची वाढती संख्या पाहून समाधान मानणाऱ्यांची त्या एका आकड्याने झोप उडविली, आणि ‘गळती व स्थगिती’ हे शब्द आपल्या शैक्षणिक चर्चेत कायमचे रुजले. हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांच्या काळात वर्गसंख्यांची स्थूल तुलना करून जे समजले, ते आज संगणकावर प्रत्येक मुलाचे नाव असताना समजू नये याला काय म्हणावे?

अमेरिकेचा अनुभवही येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. १९६५ च्या कायद्यान्वये तेथील मध्यवर्ती सरकार गरीब मुलांच्या शाळांना मोठे साहाय्य देऊ लागले. पण शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने काढीत असे. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातील एका शाळेने २००१-०२ सालात आपला एकही विद्यार्थी गळाला नसल्याचे कळविले. त्या वर्षी ती शाळा सोडून गेलेल्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागेल एवढी होती, हे २००३ मध्ये उघडकीस आले. अशा प्रकारांनंतर २००८ साली मध्यवर्ती सरकारने सर्व राज्यांना एकच सूत्र लावले. नववीत प्रथम आलेले विद्यार्थी हा पाया धरावयाचा, नंतर दाखल झालेले त्यात मिळवावयाचे, अन्यत्र गेलेले, परदेशी गेलेले वा मृत्यू पावलेले वजा करावयाचे, आणि चार वर्षांत किती जणांना नियमित प्रमाणपत्र मिळाले ते पाहावयाचे. या सूत्राचा कणा एका अटीत आहे. ‘दुसऱ्या शाळेत गेला’ असे म्हणून नाव वजा करावयाचे असेल तर त्याचा लेखी पुरावा शाळेनेच दिला पाहिजे. पुरावा नसेल तर ते मूल त्याच शाळेच्या खात्यावर राहते. २०१०-११ पासून राज्ये या रीतीने आकडे देऊ लागली. आकडे एकदम सुधारले असे नव्हे. काही ठिकाणी तर ते आधीच्या दाव्यांपेक्षा खाली आले. पण ते एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले.

आपल्याकडे साधने आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक दिला. केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’ पद्धतीतही २०२२-२३ पासून शाळावार बेरजांऐवजी विद्यार्थीनिहाय नोंदी घेतल्या जातात. पूर्वी दाखलखारीज नोंदवहीतील नाव आणि मंडळाच्या यादीतील नाव जुळविणे अवघड होते. आता क्रमांक जुळवावयाचा आहे. तेव्हा प्रत्येक प्रकल्प कार्यालयाने दरवर्षी निकालानंतर महिन्याभरात एक साधे पत्रक काढावे. पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती मुले होती, पुढे किती मिळाली, पुराव्यानिशी किती अन्यत्र गेली, आज किती जण दहावी उत्तीर्ण आहेत, किती जण खालच्या इयत्तांत अजून शिकत आहेत आणि किती जणांचा ठावठिकाणा नाही, अशा सहा ओळी पुरे होतील. मुलामुलींचे आणि माडिया व कोलाम यांचे आकडे स्वतंत्र असावेत. दोन वर्षांनी बारावीसाठी तेच करावे. जे मूल एक-दोन वर्षे उशिरा उत्तीर्ण होते त्याचीही नोंद पुढील पत्रकात घ्यावी, कारण उशीर हा काही गुन्हा नाही. एकलव्य शाळांनाही हेच माप लावावे. मात्र त्यांची मुले निवड-परीक्षेतून येतात हे विसरून सामान्य आश्रमशाळेशी त्यांची तुलना करू नये. आश्रमशाळेतून एकलव्यात गेलेले मूल हे स्थलांतर आहे, गळती नव्हे. राज्य मंडळ असो वा केंद्रीय मंडळ असो, क्रमांक एकच राहिला पाहिजे.

हे पत्रक हाती आले म्हणजे मुले केव्हा आणि का जातात हेही दिसू लागेल. वनप्रदेशातील कामाचे ऋतू शाळेच्या वेळापत्रकाला विचारून येत नाहीत. श्रावणाच्या सुमारास रोवणी असते, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, मे महिन्यात तेंदूपान असते, आणि मिरची तोडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात ती नेमकी दहावीच्या परीक्षेच्या आगेमागे. वसतिगृहातील मुलगी वयात आली आणि तेथे तिला सुरक्षित वाटले नाही तर आईबाप तिला घरी नेतात. त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? घरी माडिया, गोंडी वा कोलामी बोलणारे, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे मूल पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीशी झुंजत असते. त्याची दमछाक पाचवीत सुरू होते आणि नववीत संपते. गळती दिवाळीनंतर अधिक आहे की उन्हाळ्यानंतर, सहावीत अधिक आहे की नववीत, हे कळल्यावाचून उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

येथे एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. हार्टॉग समितीने मापले ते बरोबर, पण त्यावरून विस्तारापेक्षा दृढीकरणावर भर द्यावा असा जो निष्कर्ष निघाला, तो दुबळ्या शाळा बंद करू पाहणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. आजही तो धोका आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूहशाळांत एकत्रीकरण करण्याचा विचार २०२३ मध्ये राज्यात पुढे आलाच होता. उद्या एखाद्या आश्रमशाळेत शंभरांतील चौपन्नच मुले दहावी झाली असे छापून आले, तर ‘मग ही शाळाच कशाला’ असे म्हणणारे निघतील. त्यांना आताच सांगून ठेवले पाहिजे की तापमापकात ताप दिसला म्हणून रुग्णाला घराबाहेर काढीत नाहीत. ज्या शाळेचा आकडा खाली, तिला अधिक शिक्षक, मुलांची बोली जाणणारा सहायक, मुलींच्या वसतिगृहास अधीक्षिका आणि रस्ता मिळाला पाहिजे. आकड्याचा जाब प्रथम शासनाने द्यावयाचा आहे. एकट्या मुख्याध्यापकावर तो ढकलला तर पुन्हा नोंदवहीच खोटी होईल.

खालचा आकडा छापण्याचे धैर्य आपण होऊन कोणतेही खाते दाखवीत नाही, म्हणून त्याला घटनात्मक आधार हवा. गडचिरोलीचा मोठा भाग व चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांच्या प्रशासनाविषयी राज्यपालांनी राष्ट्रपतींना दरवर्षी अहवाल द्यावा, असे संविधानाची पाचवी अनुसूची सांगते. त्या अहवालात प्रत्येक प्रकल्पाचे हे सहा ओळींचे पत्रक समाविष्ट करण्यास नवा कायदा लागत नाही, नवा निधीही लागत नाही. आणि २०११ पासून गडचिरोलीत असलेल्या गोंडवाना विद्यापीठाने त्याची स्वतंत्र छाननी करावी. आपल्या दारी येणारे विद्यार्थी वाटेत कोठे हरवतात हे जाणून घेणे त्या विद्यापीठाच्याही हिताचे आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यातील मुख्य गाऱ्हाणे हेच होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. आज सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते, कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे, आणि गडचिरोली हे पोलादाचे केंद्र होणार असे सांगितले जाते. त्या पोलादाच्या कारखान्यात, वनखात्यात, पोलीस दलात, बँकेच्या खिडकीपाशी बसण्यासाठी दहावी-बारावीचे प्रमाणपत्र लागते. ते ज्याच्या हाती नाही, त्याच्या वाट्याला आपल्याच जंगलातील उचल-ठेव येणार. तेव्हा पुढच्या निकालाच्या दिवशी मंडळाचा शेकडा जाहीर होईल, त्या वेळी मंत्रिमहोदयांना एकच प्रश्न विचारला जावा: हा शेकडा कोणाच्या शंभरांवर काढला आहे? त्याचे उत्तर जोवर ‘परीक्षेस बसलेल्यांच्या’ असे आहे, तोवर भामरागड, एटापल्ली आणि जिवती येथील मुलांचा निकाल राखून ठेवलेला आहे असेच समजावे लागेल.